स्वभावाने गरीब

ठिपकी गाय सकाळी उठलीच नाही. दूधवालीने बादली खाली ठेवली, तिच्या मानेवर थाप मारली, "ऊठ बाई, ऊठ" म्हणाली. गाईने नुसतं तोंड वळवलं. ओठावरून लाळेची तार लोंबत होती, पार गुडघ्यापर्यंत. दूधवालीने जबडा उघडून पाहिला. जिभेवर फोड होते. एक फुटून त्याचं सालपट सुटलं होतं.

"अहो, इकडे या लवकर!"

दूधवाला दात घासता घासता आला. त्याने एक खूर उचलून पाहिला, मग दुसरा. बेचक्यात लालभडक झालं होतं. तोंडातली चूळ त्याने तशीच गिळली.

"खुरकूत," म्हणाला आणि मटकन खाली बसला.

आता हे आलं कुठून ते दोघांनाही ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी ठिपकीच्याच वासराला ताप आला होता. जनावरांच्या डॉक्टरीण बाई येऊन बजावून गेल्या होत्या, की याला वेगळं बांधा, गोठ्यापासून लांब, याचं पाणी वेगळं, याची बादली वेगळी. बांधलं होतं. मागच्या छपरीत, एकटं. दिवसभर ते हंबरायचं आणि इकडून ठिपकी ओरडायची. आणि एका दुपारी नवरा-बायको गवत कापून घरी आले तर वासरू गोठ्यात, आईच्या कुशीत, आणि शेजारी शेणात मांडी घालून ही बया बसलेली.

बया म्हणजे त्यांची मुलगी. नऊ वर्षांची. सगळे तिला खार म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा उशाखाली, पिठाच्या डब्यामागे, चपलांच्या फळीवर, जिथे जागा दिसेल तिथे पावाचे तुकडे लपवून ठेवायची. दूधवालाच एकदा हसत म्हणाला, "अगं, ही पोर आहे की खार?" तेव्हापासून तेच नाव पडलं. लाडाने पडलं होतं ते. हे सांगायला हवं, कारण पुढे कुणाला खरं वाटायचं नाही.

त्या दुपारी दूधवालीने तिला विचारलं होतं, "का आणलंस त्याला इथे? सांगितलं होतं ना?"

"ते एकटं रडत होतं," खार म्हणाली.

"रडू दे ना! आजारी आहे ते!"

"आजारी आहे म्हणूनच रडत होतं."

दूधवालीने वासरू ओढून परत छपरीत नेलं. वासरू निघेना, पोर दोर सोडेना. ओढाताणीत पोरीने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. चार दात उमटले. तो वळ अजून पिवळा-निळा होता, आणि आज ठिपकी खाली बसली होती.

दोघांनी एकदमच वर पाहिलं. खार गोठ्याच्या दारात उभी होती, फ्रॉकचं टोक तोंडात धरून. दूधवाल्याने हात उगारला नाही, ते त्याच्यात नव्हतं. त्याने खांबावर मूठ आपटली आणि म्हणाला, "काय पायगुण घेऊन आलीस गं माझ्या घरात!"

असं नका बोलू, म्हणायला हवं होतं दूधवालीने. पण मनात तिच्याही तेच होतं.

मग दिवस कसे गेले विचारू नका. एकामागून एक सगळ्या गाई बसल्या. सकाळ-संध्याकाळ लाल औषधाचं पाणी करायचं, एकेक खूर धुवायचा, बेचक्यातली घाण काढायची, तोंडातले फोड पुसायचे. गाय दुखलं की पाय झाडायची. दूधवालीच्या मांडीवर, नडगीवर लाथांचे डाग पडले. त्या लाल पाण्याने बोटं तपकिरी झाली, नखं काळी पडली, जेवताना स्वतःच्याच हाताची शिसारी यायची. आणि दूध काढावंच लागे, नाहीतर सड तटतटायचे. काढायचं आणि मागच्या खड्ड्यात ओतायचं. आयुष्यभर ज्या बाईने बादलीत बोट घालून शेवटचा थेंब निपटला, ती भरलेल्या बादल्या खड्ड्यात ओतत होती. वर चुन्याची भुकटी टाकायची. दूधवाला ते बघायला थांबत नसे.

त्यांच्या वस्तीचा रस्ता बंद केला होता. मोठ्या सडकेला मिळतो तिथे आडवा बांबू, त्याच्याजवळ औषधाच्या पाण्याचा उथळ हौद, आणि खुर्ची टाकून एक पहारेकरी. माणसांनी हौदात पाय बुडवून पलीकडे जायचं. जनावर, दूध, चारा, शेण, दोर, काहीही जाणार नाही. गाडी तर नाहीच. पहारेकरी तसा साधा माणूस, पण दूधवाल्याला मुद्दाम दोनदा पाय बुडवायला लावायचा. "तुमच्याकडूनच पसरलं ना भाऊ," म्हणायचा. पलीकडचा चहावाला त्याला बाकावर बसू देत नसे, पेला हातात द्यायच्या ऐवजी दगडावर ठेवायचा. इतकी वर्षं ज्याच्या दुधावर त्याचा चहा उकळला, तो माणूस!

शेजारच्या गोठ्यातही रोग गेला. शेजारीण कुंपणापलीकडून ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पोटची असती तर ऐकलं असतं तिने. आणलेलीला काय त्याचं?"

दूधवालीने घागर उचलली आणि आत गेली. खार चुलीपाशी बसून राख चाळत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिच्याकडे पाहून कधीच काही कळत नसे. दोन वर्षांत ती दूधवालीला "काकू" म्हणत होती आणि दूधवाल्याला "काका". कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी तिचं मोडलंही नव्हतं. आज ना उद्या बदलेल, असं आधी वाटायचं. आता वाटेनासं झालं होतं.

चारा पलीकडून यायचा. चारावाला टेम्पो बांबूजवळ उभा करून पेंढ्या अलीकडे फेकायचा आणि गप्पा हाणायचा. त्याला सगळ्यांच्या घरातलं सगळं ठाऊक. त्याने दूधवालीचं मनगट पाहिलं.

"गाईने की पोरीने?" म्हणाला.

दूधवाली पदर ओढून बोलली, "असंच लागलं."

"वहिनी, मी परका आहे का? तुम्ही किती वाळलात बघा. भाऊ तर निम्मा झालाय. एक सांगू? राग मानू नका. पोर कुणाला तरी देऊन टाका."

"देऊन टाका म्हणजे?" दूधवाला म्हणाला. "कोर्टातून घेतलीय आम्ही."

"घेताना कोर्ट. द्यायला कशाला कोर्ट? तुमची पोर, तुमची मर्जी. लोकांना पोरं हवी असतात, रांगा लावून बसतात बिचारे. तिचं भलं होईल, तुमच्या मागची कटकट जाईल. आपला ग्रुप आहे ना, त्यावर दोन ओळी टाक. कुठे-कुठे लोक आहेत त्यावर."

ग्रुप म्हणजे फोनवरचा. गाई, म्हशी, वासरं, कडबा-कुट्टीची यंत्रं यांच्या देण्याघेण्याचा. दूधवाल्याचा निम्मा व्यवहार त्यावरच चालायचा.

दोघांनी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

संध्याकाळी दूधवाला ओट्यावर फोन घेऊन बसला. खारीचा एक फोटो त्याच्याकडे होता, पहिल्या वर्षीचा. नवा फ्रॉक, तेल लावून बसवलेले केस, गाल जरा वर आलेले. तो अंगठ्याने टाईप करत होता आणि दूधवाली त्याच्या खांद्यावरून बघत होती. माणूस काय लिहिणार? आयुष्यात त्याने लिहिल्या त्या गाईंच्याच जाहिराती. बोटं आपोआप चालली.

*मुलगी. वय नऊ. स्वभावाने गरीब. खाण्यापिण्याचा त्रास नाही. कामाला चलाख. घरगुती अडचणीमुळे देणे आहे. चांगलं घर पाहूनच देऊ.*

"गरीब कशाला लिहिता?" दूधवाली हळूच म्हणाली. "चावते ती."

"सगळं लिहिलं तर कोण घेईल?"

लाथाडी गाय विकताना तो हेच म्हणायचा. दूधवालीला ते आठवलं. अंगावरून झुरळ गेल्यासारखं झालं तिला. पण ती उठली नाही. त्याने बटण दाबलं तेव्हा ती तिथेच बसून होती, आणि आत खार उद्यासाठी शेणी रचत होती.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. कुणीतरी लांबचा माणूस. आवाज गोड. बायकोला पोरांची फार हौस आहे म्हणाला, मोठं घर आहे म्हणाला, शाळेत घालू म्हणाला. कागदाबिगदाचं नंतर बघू, आधी पोर रुळू दे. बांबूपर्यंत येतो आम्ही, तिथून घेऊन जातो.

"माणूस चांगला वाटला," दूधवाला म्हणाला.

"हो," दूधवाली म्हणाली.

त्याच दुपारी आणखी एक फोन आला, दूधवालीच्या फोनवर. दत्तकाच्या ऑफिसातल्या ताईंचा. ज्यांनी खारीला त्यांच्या घरी आणून सोडलं होतं, त्या. पहिल्या वर्षी त्या सारख्या यायच्या, चहा घ्यायच्या, गोठ्यात फिरायच्या. एकदा जाता जाता म्हणाल्या होत्या, "हे बघा, काही झालं तर आधी मला सांगायचं. अगदी पोर नकोशी वाटली तरी. वाटतं असं, चांगल्या चांगल्या लोकांना वाटतं. लाजायचं नाही." तेव्हा नवरा-बायको किती हसले होते! नकोशी म्हणे! मग ताईंनी इतर जोडप्यांना त्यांचं घर दाखवायला आणलं होतं, की बघा, असं घर हवं. दूधवाली त्या दिवशी नवी साडी नेसून उभी होती.

"कशी आहे आमची पोर?" ताईंनी फोनवर विचारलं.

सांगायला काय हरकत होती? नुसतं म्हणायचं होतं, ताई, आमच्याच्याने होत नाही. पण जिभेवर यायला त्या शब्दांना जागाच मिळेना. ज्या बाईने चार लोकांत कौतुक केलं, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मजेत आहे," दूधवाली म्हणाली. "शाळा बंद आहे ना, गाईंमध्ये रमलीय."

फोन ठेवून ती खड्ड्यावर गेली आणि बादली ओतली. चुन्याची भुकटी डोळ्यात गेली. बरंच झालं, डोळे चोळायला निमित्त मिळालं.

खारीला त्यांनी सांगितलं, की गाई बऱ्या होईपर्यंत तुला दुसऱ्या घरी राहायचंय.

"कुणाच्या?"

"आहेत एक काका-काकू."

"वासरू बरं झालं की परत?"

दूधवाल्याने दुसरीकडे पाहिलं. दूधवाली म्हणाली, "बघू."

असे 'बघू' पोरीने खूप ऐकले असणार. तिने आपली कापडी पिशवी स्वतःच भरली. दूधवालीने मदत करायला हात पुढे केला तर तिने पिशवी पोटाशी ओढली.

ठरलेल्या दिवशी सकाळी तिघं निघाली. ऊन चांगलंच तापलं होतं. दूधवाला पुढे, मागे दूधवाली, मध्ये खार. गोठ्याजवळून जाताना तिने छपरीकडे पाहिलं. वासरू आता उभं राहायला लागलं होतं, ते बारीक हंबरलं. खार थांबली नाही. शेजारीण कुंपणाशी कपडे वाळत घालत होती, तिने विचारलं, "कुठे निघाली सगळी?" दूधवाली म्हणाली, "जरा बांबूपर्यंत."

पलीकडे एक बंद पांढरी गाडी उभी होती. दोन पुरुष. एक स्टिअरिंगवर, दुसरा बाहेर, दातात काडी. दूधवालीने गाडीच्या काचेतून आत पाहायचा प्रयत्न केला. मागची सीट रिकामी होती.

"तुमच्या मंडळी?" तिने विचारलं.

"पाय मुरगळलाय तिचा. घरी वाट बघतेय." माणसाने खारीला वरून खाली न्याहाळलं. "हीच का? फोटोत भरलेली दिसत होती."

"जुना फोटो आहे," दूधवाला म्हणाला. "सध्या जरा हाल झालेत आमचे. दोन वेळ पोटभर मिळालं की अंग धरेल."

"काम येतं?"

"गोठ्याचं सगळं येतं. झाडलोट, धारा..."

"खोड काही? पळून जायची वगैरे?"

"छे छे!" दूधवाला म्हणाला. "गरीब आहे. मारत नाही."

बोलून गेला तो. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंड उघडंच राहिलं. गुरांच्या बाजारात, असल्याच उन्हात, हेच शब्द तो कितीदा बोलला होता, हातात दोर धरून! त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात पोरीच्या मानेवर होता, वासराला पुढे ढकलतात तसा. चटका बसल्यासारखा त्याने तो काढून घेतला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बाजूला जाऊन खाली बघत उभा राहिला. मोठा बाप्या माणूस, पण त्या वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पहारेकऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपलं काम करत होता. "पिशवी दाखव गं," म्हणाला. खारीने पिशवी दिली. दोन फ्रॉक, कंगवा, फडक्यात बांधलेले पावाचे तुकडे. आणि सगळ्यात खाली वासराचा दोर. छोटा, मळका, एका टोकाला गाठ.

"हे नाही चालणार," पहारेकरी म्हणाला. "जनावराची वस्तू आहे. डॉक्टरीण बाईंच्या सहीशिवाय दोरसुद्धा पलीकडे जायचा नाही. ठेव इथे. तू जा. पाय बुडव आणि जा."

खार हलली नाही.

"मला सही लागत नाही?" तिने विचारलं.

पहारेकरी हसला. "तू काय जनावर आहेस? माणसांना कशाला लागते?"

"लागते," खार म्हणाली. तिचा आवाज एकदम स्पष्ट होता, धडा वाचून दाखवावा तसा. "मागच्या वेळी लागली होती. ताई होत्या. आणि एक साहेब होते मोठ्या टेबलावर. त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं होतं, तुला जायचंय का म्हणून. मी हो म्हटलं होतं."

तिने पहारेकऱ्याकडे पाहिलं. मग दातात काडी धरलेल्या माणसाकडे.

"आज कोण विचारणार आहे?"

गाडीतल्या माणसाने हॉर्न वाजवला. काडीवाला म्हणाला, "चला, चला, ऊन होतंय. ये बाळ." आणि त्याने बांबूवरून हात घालून तिचा दंड धरला.

पोरीने त्याला चावलं नाही. हीच गोष्ट दूधवालीच्या छातीत जाऊन बसली. दोर सोडवताना चावणारी पोर त्या परक्या माणसाच्या हातात अगदी गरीब होऊन उभी होती. जाहिरातीत लिहिलं होतं तशी. तिने हौदात एक पाय ठेवलासुद्धा.

"सोडा तिला," दूधवाली म्हणाली.

"अहो बाई, ठरलंय आपलं."

"सोडा म्हणते ना! हात सोड आधी! हात सोड मेल्या!"

इतक्या जोरात ती गाईंवरही कधी ओरडली नव्हती. चहावाला दुकानाबाहेर आला. पहारेकरी खुर्चीतून उठला. दूधवाली चपलांसकट त्या लाल पाण्यात उतरली आणि पोरीला कमरेला धरून तिने अलीकडे ओढलं. काडीवाला चिडला. "लांबून आलोय आम्ही! पेट्रोल काय तुमचा बाप देणार? नादाला लावता होय लोकांना?" म्हणाला. चहावाल्याने विचारलं, "काय झालं? कोण आहेत हे?"

आणि आता सांगायचं होतं. चहावाल्यासमोर, पहारेकऱ्यासमोर, रस्त्याने जाणाऱ्या दोघा-तिघांसमोर.

"पोर देत होतो आम्ही यांना," दूधवाली म्हणाली. "ओळख ना पाळख. देऊन टाकत होतो."

चहावाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्याने दगडावर ठेवलेला पेला बरा होता.

तिने कमरेचा फोन काढला. हौदाचं पाणी उडून बोटं ओली, लाल. नंबर लागला तेव्हा तिचा एक हात खारीच्या खांद्यावर होता.

"ताई, मी खोटं बोलले त्या दिवशी," ती म्हणाली. "मजेत नाहीये पोर. आमच्याच्याने होईना, म्हणून तिला ग्रुपवर टाकली होती. गाईंच्या ग्रुपवर. न्यायला माणसं आलीत. समोर उभी आहेत."

ताईंनी एवढंच विचारलं, "पोर आत्ता कुठे आहे?"

"माझ्याजवळ."

"गाडीचा नंबर वाचून सांगा मला. आणि तिला घेऊन घरी जा. मी निघते. पोलिसांना मी कळवते."

पोलिसांचं नाव दूधवालीने मोठ्याने उच्चारलं आणि पांढरी गाडी जी वळली ती धुरळा उडवत पसार झाली. काडीवाल्याचं दार पुरतं लागलंही नव्हतं. घाईघाईत दूधवालीने वाचला तेवढा नंबर सांगितला, उरलेला पहारेकऱ्याने तिच्या हातातून फोन घेऊन सांगितला. मग फोन परत देताना तो वासराचा दोर उचलून खारीला म्हणाला, "हा घे. अलीकडे चालतो."

घरी जाताना दूधवाला मागे राहिला होता, बराच मागे.

ताई दुपार कलल्यावर आल्या. हौदात पाय बुडवून, चालत. त्यांनी या वेळी चहा नको म्हटलं. ओट्यावर बसून त्यांनी दूधवाल्याकडे हात केला. त्याने ती जाहिरात उघडून फोन पुढे धरला. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"ताई, मारा आम्हाला चार," दूधवाला म्हणाला.

"मी मारून काय होणार? मला हे सगळं साहेबांपुढे मांडावं लागेल. लपवता येणार नाही."

"मांडा," दूधवाली म्हणाली. "तिला घेऊन जाल का?"

"आत्ताच काही सांगता येत नाही. कदाचित नेऊ. तुम्हाला झेपत नसेल तर तसंही करता येतं, रीतीने करता येतं. तिच्यासाठी घर बघून, तिला सांगून, आम्ही मध्ये राहून. मदत मागितली असती तर मी माणूस पाठवला असता. आठवड्यातून दोनदा आला असता. यासाठीच तर आहोत ना आम्ही? मी विचारलं होतं तुम्हाला. फोन करून विचारलं होतं."

दूधवालीने मान खाली घातली. तिला सांगायचं होतं की तुम्ही कौतुक केलं होतं ना, म्हणून. ते तिने सांगितलं नाही. इतकं फुटकळ कारण होतं ते, आता उच्चारायचीसुद्धा लाज वाटली.

"आधी तिच्याशी बोलते," ताई म्हणाल्या. "तुम्ही दोघं लांब राहा."

ताई आणि खार मागे छपरीत गेल्या. दूधवालीने लाल पाण्याची बादली घेतली आणि ठिपकीचे खूर धुवायला बसली. गाय आता उठत होती. तिने पाय झाडला नाही. छपरीतून बोलणं ऐकू येत होतं पण शब्द कळत नव्हते. ताईंचा आवाज, मग पोरीचा. दूधवाला गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने फोनमधून जाहिरात पुसली होती. पुसून काय, ज्यांनी वाचायची त्यांनी वाचलीच होती.

ताई परत आल्या तेव्हा दूधवाली ओले हात तसेच पुढे धरून उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"विचारलं मी, इथे राहायचंय की माझ्याबरोबर यायचंय." ताईंनी पिशवी खांद्याला लावली. "म्हणाली, वासरू बरं होईपर्यंत राहते. मग बघू."

बघू. दूधवालीने तो शब्द ऐकला आणि तिला कुठे तोंड लपवावं कळेना.

ताईंनी एका बाईला रोज यायला सांगितलं. ती येते, पोरीशी बोलते, यांच्याशीही बोलते, कधी कधी नुसती बसते. साहेबांपुढे अजून उभं राहायचंय. दूधवाला त्या ग्रुपमधून बाहेर पडला. चारावाला पेंढ्या फेकतो तेव्हा तो त्याच्याशी बोलत नाही, आणि चारावाला सगळीकडे सांगत सुटलाय की कलियुग आहे बाबा, भलं करायला जावं तर हे असं. चहावाल्याकडे दूधवाली एकदाच गेली होती, कामासाठी. त्याने तिला बस म्हटलं नाही, आणि तिला ते बरोबरच वाटलं.

वासरू आता खायला लागलंय. खुरावरची खपली पडली. खार त्याला सकाळ-संध्याकाळ अंगणात फिरवते, त्याच छोट्या दोराने. दूधवाली खड्ड्याकडे बादली नेताना थांबून बघते. वासरू बरं व्हावं असं तिला वाटतं, आणि होऊ नये असंही वाटतं, आणि असं वाटल्याबद्दल तिला स्वतःची किळस येते.

पोरीची कापडी पिशवी दाराशी आहे, परत आणली त्या दिवशी ठेवली तिथेच. आत दोन फ्रॉक, कंगवा आणि ते पावाचे तुकडे. तुकड्यांना आता वास यायला लागलाय. दूधवालीच्या मनात येतं, की फ्रॉक धुवावेत, तुकडे काढून टाकावेत, पिशवी खुंटीला लावावी. पण पोरीला न विचारता ती हात लावत नाही, आणि विचारायचं धाडस होत नाही. सकाळी घर झाडताना ती पिशवीभोवतीने केरसुणी फिरवते आणि पुढे जाते.